कांद्याचा ट्रक रेल्वेवर : कोलाड ते सुरतकल आणि पुढे

सोमवार

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून ट्रक चालवणं फार सोपं असतं. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायची, ड्रायव्हरला खर्ची द्यायची आणि दर चार तासांनी फोन करून "कुठं पोचलात?" म्हणून विचारायचं. केरळला जाणाऱ्या कांद्याच्या गाड्या रो-रोने, म्हणजे भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट कोलाडला रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवून कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत, पाठवणं परवडतं का, यावर आमच्या ऑफिसात वर्षभर नुसत्याच गप्पा चालल्या होत्या. शेवटी शेठ म्हणाले, "अण्णांची गाडी निघतेय. क्लीनर सुट्टीवर आहे. तूच जा."

अण्णा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, गाव निफाडकडचं. लासलगावात रात्री माल भरून, कसारा घाट उतरून ते सकाळी कळंबोलीत हजर झाले. बाराचाकी गाडी, त्यात कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. पितृपक्ष लागलेला, भाव पडलेले, ओणमची गिऱ्हाइकीही होऊन गेलेली. कांद्याला कोंब फुटायच्या आत तो कोळिकोडला पोचवायचा होता.

गाडीभोवती एक फेरी मारल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती म्हणजे माल कमी होता. एरवी कांद्याची गाडी केबिनच्या टपाच्याही वर डोंगरासारखी भरलेली असते. इथे टपाच्या वर जेमतेम ताडपत्रीची घडी दिसत होती.

"दोन थर खालीच ठेवले. नाहीतर कोलाडला कमानीखालून परत पाठवतील," अण्णा म्हणाले.

दोन थर म्हणजे दोनेक टन माल. त्याचं भाडं बुडालं ते लासलगावातच. मी वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद खर्चाच्या बाजूला केली.

पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे. अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर, पण या रस्त्यावर अंतर किलोमीटरांत मोजायचं नसतं. जुने ड्रायव्हर अजूनही याला सतरा नंबरच म्हणतात, पाटीवर सहासष्ट लागून कितीतरी वर्षं झाली तरी. गणपतीत अवजड वाहनांना बंदी असते. ती उठली की अडकलेल्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात, त्यांची गर्दी अजून पुरती ओसरली नव्हती. नागोठण्याच्या पुढे एका खड्ड्यातून गाडी अशी काढली अण्णांनी, की मागच्या गोण्यांनाही कळलं नसेल. माझी पाठ मात्र कळवळली.

कोलाडला दुपारी पोचलो. कुंडलिकेत राफ्टिंग करायला येणाऱ्या मुंबईकरांना हे गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. स्टेशनाच्या अंगणात ट्रकांची रांग होती: केरळचे, कर्नाटकचे, गुजरातचे, राजस्थानचे, आणि आपले एमएच. आधी ऑफिसात कागद, मग वजन, मग उंचीची कमान. भाडं वजनाच्या टप्प्याप्रमाणे ठरतं. उंचीत मात्र टप्पे नाहीत. गाडी कमानीखालून जाते किंवा जात नाही. आमची गेली. मागचा कापसाच्या गाठींसारखं काहीतरी फुगीर भरून आलेला ट्रक अडला आणि त्याचा ड्रायव्हर निमूटपणे रश्श्या सोडायला लागला.

उंचीचा हा काच का, ते तिथे उभं राहिल्यावर उमगतं. वाघिणीचा तळच रुळांपासून मीटरभराहून उंच असतो. त्यावर ट्रक, ट्रकावर माल, त्यावर बोगद्याचं छत, आणि त्या दोहोंच्या मधून पंचवीस हजार व्होल्टची तार. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. तेव्हापासून मालावर चढून ताडपत्री सारखी करण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. दोऱ्या काय आवळायच्या त्या खाली असतानाच.

रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, भरला की निघणार, आणि रेक भरायला चाळीस-पन्नास ट्रक लागतात. ते आले नव्हते. मग काय, रांगेत संसार मांडले गेले. कुणी गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवला, कुणी आरशासमोर दाढी केली. अण्णांनी पिठलं केलं, भाकऱ्या घरून आलेल्या होत्या. शेजारचा राजस्थानी ड्रायव्हर मोरबीहून टाइल्स घेऊन चालला होता. त्याची गाडी बघून मला हेवा वाटला. टाइल्स जड, ठेंगण्या. वजन भरून जातं तरी माल फाळक्याच्या वर येत नाही. त्याला कमानीची फिकीरच नव्हती. फिकीर होती ती ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत, आणि रांगेत उभं राहिलेला दिवसही त्यातच धरला जातो. दर तासाला तो मोबाइलवर तारीख बघत होता. ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही, एवढं एक सुख आमच्या पदरात होतं.

मंगळवार

सकाळी गाड्या चढवायला सुरुवात झाली. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही, त्याला सांगून पटणार नाही. रुळांच्या टोकाला उतार बांधलेला, त्याला सपाट वाघिणींचा रेक भिडवून उभा. पहिला ट्रक उतारावरून पहिल्या वाघिणीवर चढतो आणि तिथे थांबत नाही. दुसरीवर, तिसरीवर असा रेकच्या लांबीभर चालत जाऊन पार पुढच्या टोकाला उभा राहतो. वाघिणींच्या मधल्या फटींवर लोखंडी पत्रे. दोन्ही बाजूंना चाकाबाहेर वीतभर जागा. क्लीनरने पुढे उलटं चालत हात दाखवायचा. ते काम माझं. अर्धा किलोमीटरहून लांब रेक, खाली बघितलं तर खडी, वर बघितलं तर अण्णांचा शांत चेहरा. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने तंबाखू मळणं चाललेलं.

"पोरा, तू माझ्याकडं बघू नको. चाकाकडं बघ."

जागेवर आल्यावर गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. रेल्वेचा माणूस येऊन एकेक ठोकळा पायाने ढकलून बघतो. इंजिन बंद. पुढचा दिवसभर ट्रकाचं इंजिन सुरू व्हायचं नाही आणि स्टोव्हही पेटायचा नाही. एका गाडीमागे दोन माणसं, आणि दोघांनीही केबिनमध्येच राहायचं.

यंदा, म्हणजे २०२५ च्या गणपतीत, हीच सेवा मोटारींसाठी कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी चालवली होती, एका मोटारीला ७,८७५ रुपये. प्रतिसाद तुरळकच मिळाला. मोटारवाल्यांना आपल्या गाडीत बसता येत नव्हतं, रेकला जोडलेल्या डब्यात बसावं लागायचं. आम्हाला मात्र आमची केबिन, आमची गादी, आमचा देव्हारा. रेल्वेत एवढा खासगी डबा कुणाला मिळतो?

दुपारी रेक हलला. हललेला कळलाच नाही. बाजूचा खांब मागे जायला लागला तेव्हा ध्यानात आलं. थोड्या वेळात एक विचित्र डोलणं सुरू झालं. वाघिणीला स्वतःच्या स्प्रिंगा आहेत, ट्रकला स्वतःच्या पाट्या. दोन्ही आपापल्या तालाने डोलतात. पहिला तासभर मला मळमळलं. अण्णा तोवर मागच्या बाकड्यावर आडवे झाले होते आणि घोरत होते.

इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड. रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ मध्ये झाला, तेवढ्यापुरती गाडी बिनधास्त पळते. वीर संपलं की एकेरी रूळ आणि मग सगळं क्रॉसिंगवर. समोरून प्रवासी गाडी यायची असली की आपण लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. करंजाडीच्या अलीकडे-पलीकडे असे दोनदा थांबलो. पहिल्यांदा वंदे भारत सर्रकन गेली, तिच्या काचेमागे कुणीतरी जेवत होतं. लूपमध्ये थांबलं की सगळ्या केबिनींची दारं उघडतात आणि माणसं झुडपांकडे पळतात. त्या कामाला दुसरी सोय नाही. सिग्नल कधी पडेल याचा नेम नसतो म्हणून सगळा कारभार एक डोळा सिग्नलवर ठेवून. बायका ड्रायव्हर झाल्या तर काय करतील, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

विन्हेऱ्याच्या पुढे पाऊस आला. कोकणातला, आडवा. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही असा इथला नियम आहे, आणि गाडी खरोखरच तेवढ्यावर आली. डोंगर कापून काढलेल्या वाटेत दोन्हीकडे जांभ्याच्या भिंती, त्यांवर दगड अडवायला जाळ्या. एका वळणावर इरलंवजा रेनकोट घातलेला गस्तवाला बाजूला उभा होता, हातात झेंडी, खांद्यावर झोळी. पावसाळ्यात ही माणसं रात्रंदिवस रूळ तुडवत असतात. आम्ही कोरड्या केबिनमधून त्याला हात केला. त्याने झेंडी किंचित वर केली.

मग नातूवाडीचा बोगदा, चार किलोमीटरहून लांब. रस्त्याने हीच डोंगररांग ओलांडायची तर कशेडीचा घाट. आता तिथेही बोगदा झालाय, पण अण्णांचं तारुण्य त्या घाटात दुसऱ्या गिअरवर गेलं. बोगद्याच्या आवाजाने ते जागे झाले.

"खेड आलं का?"

"येतंय."

"पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी वेर्ण्यापर्यंतच होती," ते म्हणाले. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड–वेर्णा सेवा सुरू झाली. अख्खा कोकण रेल्वेमार्ग खुला होऊन तेव्हा बरोबर वर्ष झालं होतं. सुरतकलपर्यंत ती २००४ मध्ये गेली. "तवा डिझेलचं इंजिन. करबुड्यात शिरायच्या आधी काचा वर करून, फडकं तोंडाला बांधून बसायचो. पुढच्या केबिनी तर काळ्या व्हायच्या." उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यातली हवा ढवळायला पंखे बसवलेत, तरी धूर तो धूर. आम्ही त्यातून रात्री गेलो तेव्हा काच पूर्ण खाली होती, आणि आत आली ती ओल्या दगडाच्या वासाची गार हवा.

रत्नागिरीला इंजिनावरची माणसं बदलली. त्यानंतर पानवल. चौसष्ट मीटर उंचीचा पूल, या मार्गावरचा सगळ्यात उंच. दिवसा बघायचा योग नव्हता. अंधारात एवढंच जाणवलं, की चाकांचा आवाज आजूबाजूच्या भिंतींवर आदळून परत यायचा तो यायचा थांबला.

मग बॅटरी लावून बिल्टीच्या पाठीवर हिशेब मांडला. कोलाड ते सुरतकल रेल्वेने ७२१ किलोमीटर. भरलेली बाराचाकी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, म्हणजे रस्त्याने गेलो असतो तर दोनशे लिटरच्या आसपास डिझेल. त्यात टोल, टायरांची झीज, घाटात जळणारे ब्रेक लायनर. हे सगळं एका बाजूला आणि रेल्वेचं भाडं अधिक सोडून दिलेले दोन टन दुसऱ्या बाजूला. माझ्या कागदावर फार मोठी बचत दिसेना. वेळही तसाच: गाडी एकदा सुटली की रस्त्याच्या कितीतरी पुढे, पण कोलाडच्या रांगेतला दिवस धरला तर फरक आटतो. रो-रोचा वेळ रुळावर वाचतो आणि उतारापाशी खर्च होतो. त्यामुळे रेक कधी लागणार हे नीट विचारून, त्या बेतानेच लासलगावात माल भरला तर गणित जमेल. आम्ही भरतो व्यापाऱ्याच्या सोयीने.

एक गोष्ट मात्र ऑफिसातल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. अण्णांना विचारलं, "तुम्हाला कसं बरं वाटतं? रस्ता का रेल्वे?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. "रस्त्यानं गेलो तर खर्चीतनं चार पैसे मागं पडत्यात. डिझेल जपून चालवायचं, ढाब्यावर उधारी ठेवायची. हितं शेठ सगळे पैसे रेल्वेला देतो. माझ्या हाताला काय लागतं? भत्ता." मग थोड्या वेळाने, "पण झोप लागती. घाटात डोळा लागला नाही म्हणून जिवंत राहिलेला मानूस आहे मी. हितं लागला तरी चालतंय."

हे शेठना सांगायचं ठरवलं. रो-रोने जाणाऱ्या ड्रायव्हरचा भत्ता वाढवला नाही, तर ड्रायव्हर स्वतःहून या गाडीला कधीच होकार देणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

बुधवार

जाग आली तेव्हा गोवा अर्धा संपला होता. जुवारीचा पूल मला अण्णांनी हलवून दाखवला. पहाटेच्या उजेडात पाणी राखाडी, दूर बार्जचे दिवे. वेर्णा, मग मडगाव. फलाटावर चहावाला होता, पण आमची वाघीण फलाटाच्या फार पलीकडे उभी. मोरबीच्या टाइल्सवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि स्वतःहून सांगितलं, की बिलाची मुदत रात्री वाढवून घेतली. मुदत संपायच्या आधी आणि नंतर आठ-आठ तासांची सवड असते, त्यात मोबाइलला रेंज मिळवायची होती. बोगद्याबोगद्यांमधून त्याने ती कशी मिळवली, तोच जाणे.

बाळ्ळीपुढचा बार्शेचा बोगदा, काणकोण, लोलये, आणि मग काळी नदी ओलांडून कारवार. इथून पुढे भाषा बदलते, पण स्टेशनांवर कोकणी ऐकू येत राहते. अंकोला, गोकर्ण रोड, कुमठा. होन्नावरला शरावतीचा पूल, दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. पाऊस थांबला होता. वाघिणीवर उघड्या केबिनमध्ये बसून एवढी नदी ओलांडताना दोन्ही बाजूंना काहीच नसतं, कठडाही नाही, नुसतं पाणी. रेल्वेच्या डब्यातून हे असं दिसत नाही, रस्त्याच्या पुलावरून तर नाहीच, कारण तिथे ड्रायव्हरची नजर समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर. इतकी वर्षं या किनाऱ्याने गाडी मारणाऱ्या अण्णांनी शरावती नीट बघितली ती रेल्वेवरूनच.

भटकळ, बैंदूर, कुंदापूर, उडुपी. दुपारभर अण्णा आणि मागच्या वाघिणीवरचा केरळी ड्रायव्हर हिंदीत गप्पा मारत होते, क्रॉसिंगला थांबलं की पुढे चालू. विषय एकच: कुठल्या मार्गावर अशी गाडी असायला हवी. सोलापूरजवळच्या बाळे स्थानकातून बंगळुरूजवळच्या नेलमंगलापर्यंत २०२० मध्ये रो-रो निघाली होती. केरळी म्हणाला, मुंबईपासून थेट कोळिकोडपर्यंत करा. अण्णा म्हणाले, "आधी कळंबोलीतनं चढवा. पनवेल ते कोलाड हाच तर खरा तरास आहे." मला हे पटलं. सगळ्यात वाईट रस्ता ओलांडून आल्यावर रेल्वे भेटते, असं सध्या आहे.

सुरतकलला संध्याकाळ झाली. उतरण्याआधी एक काम असतं. दिवसभर इंजिन बंद म्हणून ब्रेकची हवा गेलेली. सगळ्या ट्रकांनी एकदम इंजिनं सुरू केली आणि हवा बनेपर्यंत अख्खा रेक जागच्या जागी गुरगुरत उभा राहिला. पत्रे पडले, ठोकळे निघाले. जो आधी चढतो तो आधी उतरतो. आम्ही मधोमध होतो. टाइल्सवाला आमच्या पुढे उतरला आणि हॉर्न देऊन मंगळुरूकडे वळला.

जेवून निघालो. पणंबूरचं बंदर, नेत्रावतीचा पूल, तलपाडीला केरळची हद्द. दोन दिवस झोपलेला ड्रायव्हर रात्री कसा चालवतो, ते मी त्या रात्री पाहिलं. कासरगोडपर्यंत नवा सहापदरी रस्ता, अण्णा गाणी म्हणत होते.

गुरुवार

माहेला डिझेल भरलं. माहे पुदुच्चेरीचा तुकडा, कर कमी, डिझेल केरळपेक्षा स्वस्त. थलश्शेरी–माहे बायपास २०२४ मध्ये झाला तरी ट्रकवाले टाकी माहेतच भरतात. हा हिशेब आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हता. अण्णांना फार वर्षांपासून आहे.

कोळिकोडची वलियंगाडी म्हणजे अरुंद रस्ता, दोन्हीकडे कौलारू गोदामं, आणि त्या दोहोंच्या मधे आमची बाराचाकी. मालाला हात लावायचा तो इथल्या नोंदणीकृत हमालांनीच. त्यांच्यासाठी केरळात १९७८ चा कायदा आहे. न उचललेल्या मालाचीही मजुरी मागण्याची जुनी प्रथा होती, नोक्कुकूली, ती सरकारने २०१८ च्या १ मे ला बंद केली. आमच्या माणसांनी गोण्या खरोखरच उचलल्या, आणि भराभर. व्यापाऱ्याने एक गोणी सोडून कांदा हातात घेतला, दाबला, सोलून वास घेतला. कोंब नव्हते. ओल लागलेल्या गोण्या निघाल्या, पण मोजक्या, आणि त्याही मागच्या फाळक्याजवळच्या. आपटून फुटलेला कांदा रस्त्याने येणाऱ्या गाडीत असतो तेवढा नव्हता. ही नोंद मी जमेच्या बाजूला, ठळक केली.

दुपारी परतीचं भाडं मिळालं. फेरोकच्या कारखान्यातल्या चपला, भिवंडीच्या गोदामात पोचवायच्या. हलके खोके, पार वरपर्यंत रचून, वर आणखी एक मजला. पैसे चांगले होते.

अण्णांनी खोक्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही कोलाडच्या कमानीखालनं जायची नाही. ना सुरतकलच्या."

"दोन थर कमी भरले तर?"

"चपलांचे दोन थर काढले तर भाडंच निघून जातं की. रस्त्यानं नेतो. शेठला सांग, एक दिवस जास्त लागंल, आणि खर्ची आत्ताच पाठव म्हणावं."

मी शेठना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. अण्णांनी तोवर पहिल्या खोक्याला दोरी टाकली होती.